आधी सूत की आधी चावा

हौसाला रोडपाली गावात बसलेलं कुणी पाहिलं नव्हतं. चुलीवर भात असला तरी ती तिथे थांबायची नाही. तेवढ्यात गोठ्यात जाऊन यायची, अंगणात खराटा फिरवायची आणि ऊत यायच्या आत झाकण काढायला हजर असायची. मिठागरावर गेली तर मुकादमच म्हणायचा, "जरा दम खा गो, बाकीच्या बाया माझ्यावर वैतागतात." नवरा काशीराम मुळात कमी बोलणारा, आणि जे काही बोलायचा ते तिच्या मागे मागे चालत बोलायचा.

अशा बाईचा पाय मोडला.

चोपन्न साल होतं, नवरात्राची सहावी माळ. गवताचा भारा डोक्यावर घेऊन ती खाडीच्या बांधावरून येत होती. चिंबोरी खेकड्याच्या बिळात पाय गेला आणि ती भाऱ्यासकट आडवी झाली. नडगीचं हाड मोडल्याचा आवाज तिनं स्वतः ऐकला. पनवेलच्या दवाखान्यापर्यंतची वाट अजून चिखलाची होती, बैलगाडीच्या धक्क्यांनी जीव गेला असता. म्हणून काशीराम बेलपाड्याच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या पाड्यावर गेला आणि हाडं बसवणाऱ्या गोमाला घेऊन आला. गोमानं हाड ओढून बसवलं तेव्हा हौसानं पदराचा बोळा दातात धरला होता. मग उडदाच्या पिठाचा लेप, वर फडकं, वर बांबूच्या कामट्या, आणि त्यावर सुंभाचे घट्ट वेढे.

"सव्वा महिना," गोमा म्हणाला. "हललीस तर हाड वाकडं बसंल. मंग माज्या नावानं बोंब नको."

"सव्वा महिना?" हौसा ओरडली. "दिवाळीच्या तोंडाला कापनी हाय!"

"कापनी व्हईल," गोमा म्हणाला. "तू नसलीस तरी भात पिकतो."

हे वाक्य तिला पायापेक्षा जास्त लागलं.

पडवीत खाट टाकली. घर सांभाळायला काशीरामची बहीण भामा उरणहून आली. सकाळी सगळे कामाला गेले की पडवीत हौसा आणि ती खाट एवढंच उरायचं. पहिले चार दिवस दुखण्यात गेले. पाचव्या दिवशी दुखणं कमी झालं आणि खरा त्रास सुरू झाला. कामटीखाली खाज सुटायची. खराट्याची हीर आत घालून ती खाजवायची. आतून भांड्याचा आवाज आला की, "भामा, काय पाडलंस गो?" धूर आला की, "भामा, लाकडं ओली घातलीस का?" म्हैस हंबरली की, "पानी दाखवलंस का तिला?" भामा आधी उत्तरं द्यायची, मग हूं म्हणायची, मग काहीच म्हणेना. हौसा उशी इकडून तिकडे करायची, गोधडी पांघरायची आणि काढायची, कोपरांवर उठून अंगणापलीकडचं शेत दिसतं का बघायची. दिसायचा फक्त दुधीचा मांडव.

त्या मांडवाच्या आणि पडवीच्या खांबाच्या मध्ये कोळ्याचं जाळं होतं. हातभर रुंद, गोल. मधोमध कोळीण डोकं खाली करून बसलेली. पोटावर पिवळे पट्टे, आठ पाय दोन दोन जोडून फुलीसारखे पसरलेले, आणि त्या फुलीला धरून जाळ्यात पांढरी नागमोडी शिवण घातलेली.

"भामा, ते जाळं झाड," हौसा म्हणाली.

भामा "झाडते" म्हणाली आणि विसरली. दुसऱ्या दिवशीही विसरली. खाटेवरून हौसाचा हात पोचत नव्हता. दिवसभर समोर ती कोळीण, आणि ती हलायचीसुद्धा नाही. हौसाला तिचा राग यायला लागला. एवढे आठ पाय, सगळे धड, आणि बाईसाहेब बसल्या आहेत!

तिसऱ्या दिवशी दुपारी एक हिरवा नाकतोडा उडी चुकून जाळ्यात आदळला.

हौसा बघत राहिली. कोळिणीनं दोन सुतं पायांनी ओढून बघितली आणि धावली. पण ती चावली नाही. जवळ जाऊन तिनं पाठ फिरवली आणि मागच्या पायांनी पोटातून सूत ओढून त्याच्यावर फेकलं. एक धागा नव्हे, चांगला रुंद पट्टा. एक फेकला, दुसरा फेकला. नाकतोडा मोठा होता, तंगड्या झाडत होता. तिनं तो पुढच्या पायांत धरून गरागरा फिरवला आणि बघता बघता त्याची पांढरी पुडी झाली. मग सावकाश जवळ जाऊन ती चावली. थोडं थांबली, आजूबाजूची सुतं तोडली आणि पुडी मधोमध नेऊन खायला बसली.

हौसाच्या लक्षात आलं की इतका वेळ आपण उशीला हात लावलेला नाही.

संध्याकाळी आनंदा आला. आनंदा तिचा दीर. ती लग्न होऊन आली तेव्हा चार वर्षांचा होता. सासू लवकर गेली, आणि हौसानंच त्याला वाढवलं, शाळेत घातलं. आता बावीस वर्षांचा झाला होता आणि पनवेलला मास्तरकीच्या ट्रेनिंगला जात होता. दिवाळीची सुट्टी लागली होती आणि कापणीत वहिनीचा विळा त्याच्या हातात आला होता. हाताला फोड आले होते. तो कंदील घेऊन पडवीत बसला, वही उघडली आणि भराभर लिहायला लागला.

"काय लिवतंस?"

"निसर्गाची वही, वयनी. तीस दिवस एक प्रानी नाय तर झाड बगायचं आनि रोज लिवायचं. दयाराम मास्तरांना दावायची हाय."

"वाच."

आनंदानं वाचलं, "आज सकाळी चिमणी दिसली. तिने दाणे टिपले."

"सकाळी तर तू शेतात वाकलेला होतास. चिमनी कवा बगितलीस?"

आनंदा ओशाळला. "मग काय करू? दिसभर विळा, रातची झोप. चिमनी काय, सगळ्यांनाच दिसते."

हौसानं जाळ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "ती समोरची कोळीण लिव. दिसा मी बगते, सांजेला तुला सांगते."

असं ते सुरू झालं. हौसाला लिहिता येत नव्हतं, म्हणून तिनं सुंभाचे दोन तुकडे मागून घेतले. नाकतोडा, माशी, मधमाशी असं काही आलं की एका सुंभाला गाठ. पिवळी फुलपाखरं आली की दुसऱ्याला. दुसरं सुंभ तिनं का घेतलं याला कारण होतं. फुलपाखराच्या वेळी कोळीण वेगळं वागायची. आदळलं की धावायची आणि थेट चावायची. पकडून धरायची, ते मरगळलं की मग सूत गुंडाळायची. नाकतोड्याला आधी सूत, मग चावा. फुलपाखराला आधी चावा, मग सूत.

"असं का आसंल?" आनंदानं विचारलं.

"आज नाय म्हाईत," ती म्हणाली.

ते कळलं तीन दिवसांनी. एक फुलपाखरू जाळ्याच्या कडेला अडकलं. कोळीण दुसऱ्या बाजूला खात होती, तिला यायला उशीर झाला. तेवढ्यात फुलपाखरू फडफडून घसरत खाली आलं आणि सुटून गोधडीवर पडलं. हौसानं ते चिमटीत धरलं, तर बोटांना पिवळी पूड लागली. तिनं बोटं चोळून पाहिली. पिठाच्या हातानं विस्तव धरायला गेलं की चिमटा सरकतो, तसं. त्याच्या अंगावर सूत टाकून उपयोग काय, पूड सोडून ते निसटणार. म्हणून आधी चावा.

त्या दिवशी आनंदा येईपर्यंत तिला धीर निघेना. भामाला तीनदा विचारलं, "आला का?" भामा म्हणाली, "वयनी, कोळिनीपायी तू वेडी होशील." पण तीही कमरेवर हात ठेवून जाळ्याकडे बघत उभी राहिली होती.

दिवाळी गेली. कापणी ऐन भरात आली. पहाटे विळ्यांचा आवाज जवळून यायचा, मग लांब लांब जायचा, आणि तो लांब गेला की हौसाच्या अंगाची लाही व्हायची. गोमा एकदा येऊन पाय चाचपून गेला. जाताना काशीरामशी अंगणात काहीतरी हळू बोलला. काशीराम आत आला, तंबाखू मळत बसला.

"काय म्हनाला?" हौसानं विचारलं.

"काय नाय."

"पाय आखूड ऱ्हाईल म्हनाला ना?"

काशीरामनं तंबाखू तोंडात टाकली आणि उठून गेला. त्या दिवशी तिनं फुलपाखरांची एक गाठ चुकवली, नंतर आठवून मारली.

सुट्टी संपून आनंदा पनवेलला गेला, वही दाखवली आणि संध्याकाळी तोंड पाडून परत आला. वहीत लाल शाईनं लिहिलेलं होतं: "कोळी भक्ष्याला प्रथम दंश करतो व नंतर गुंडाळतो. कल्पनेने लिहू नये."

"कल्पनेनं म्हंजे?"

"म्हंजे मनचं."

हौसा कोपरावर उठली. "त्यांनी बगितलंय का?"

"पुस्तकात तसंच हाय, वयनी. मी ते पान खोडतो आनि पुस्तकातलं लिवतो. वर्साचा सवाल हाय."

"खोडायचं नाय."

"वयनी—"

"वही दे बगू. काय लिवलंय ते दाव मना."

आनंदानं भाबडेपणानं वही दिली. हौसानं ती पाठीखाली सारली आणि वर उताणी पडली. आनंदा खाटेभोवती दोनदा फिरला. वहिनीला हलवायचं म्हणजे पाय हलणार. त्यानं भामाला हाक मारली. भामा आली, तिनं बघितलं आणि हसत आत गेली.

तीन दिवस वही तिथेच होती. झोपतानाही हौसानं ती काढली नाही. तिला पाठीला रुतायची, आणि मनालाही रुतायचं. आनंदाचं वर्ष वाया गेलं तर? तिनंच त्याला मास्तर करायचं म्हणून हट्ट धरला होता. दहा वेळा तिला वाटलं, द्यावी. दहाही वेळा समोर काहीतरी जाळ्यात यायचं आणि कोळीण जे करायची तेच करायची.

चौथ्या दिवशी आनंदा दुपारीच आला, आणि त्याच्यासोबत दयाराम मास्तर. काळी टोपी, कोट, धोतराला चिखल. कळंबोलीच्या शाळेत कुणाचा तरी पाठ बघायला आले होते. वही कुठे विचारल्यावर आनंदा म्हणाला घरी राहिली. मास्तर म्हणाले, मग चला, जवळच आहे, घेऊनच येऊ.

हौसानं घाईनं पदर पायावर ओढला. "बसा मास्तर. भामा, पाट दे."

"बसत नाही बाई, मला पाचची गाडी गाठायची आहे. तेवढी वही द्या."

"देते," ती म्हणाली. "आधी बगा."

"काय बघू?"

तिनं बोट दाखवलं. मास्तरांनी चष्मा सारखा केला, जाळ्याकडे पाहिलं, आनंदाकडे पाहिलं. आनंदा जमिनीकडे बघत होता. मास्तर पाटावर बसले.

आता बसलं तर काही येईना. मास्तर टोपी काढायचे, घालायचे, कोटातलं घड्याळ काढून बघायचे. हौसाला त्यांची तगमग ओळखीची वाटली. "थांबा," ती म्हणाली. "ती थांबलीच हाय ना?"

शेवटी भामानं बांधाच्या गवतातून एक नाकतोडा पकडून आणला आणि जाळ्यात टाकला. कोळीण धावली, पाठ फिरवली, सुताचे पट्टे फेकले, पुडी केली. मग चावली.

मास्तर उठून अगदी जवळ गेले. "हो," ते म्हणाले. "आधी गुंडाळलं खरं." मग म्हणाले, "पण तुमच्या वहीत फुलपाखराचं उलटं लिहिलं आहे. ते मी पाहिलेलं नाही. न पाहता मी मानणार नाही."

"बरोबर हाय," हौसा म्हणाली. "मी पन मानलं नसतं."

काशीराम भारा टाकायला अंगणात आला होता. सगळं त्यानं उभ्यानं ऐकलं. त्यानं डोक्याचं मुंडासं सोडलं आणि शेताच्या कडेला गेला. तिथे रानफुलांवर पिवळी फुलपाखरं असायची. हौसाला खाटेवरून दिसत नव्हतं, पण खळ्यावरच्या बायका हसायला लागल्या ते ऐकू आलं. चाळीस वर्षांचा माणूस, कापणी ऐन अंगावर आलेली, आणि मुंडासं दोन्ही हातांत धरून काशीराम फुलपाखरांमागे धावत होता.

"आवं, राहू द्या," हौसा ओरडली. तिचा आवाज चिरकला.

काशीराम धापा टाकत आला. मुंडाशात दोन फुलपाखरं होती. पहिलं त्यानं टाकलं ते जाळ्याला लागलं न लागलं आणि घसरून उडून गेलं. त्याच्या बोटांना पूड लागली. हौसा मास्तरांना म्हणाली, "त्यांचा हात बगा. हे आसं हाय म्हनून."

दुसरं फुलपाखरू त्यानं हलकेच जाळ्याच्या मधल्या बाजूला सोडलं. कोळीण आली. पाठ फिरवली नाही. सरळ तोंड लावलं आणि धरून राहिली. पंख दोनदा, तीनदा हलले आणि थांबले. मग ती सूत गुंडाळायला लागली.

मास्तरांनी विचारलं, "असं किती वेळा पाहिलंत?"

हौसानं दोन सुंभं पुढे केली. मास्तरांनी बोटांनी गाठी मोजल्या, एका सुंभाला एकेचाळीस, दुसऱ्याला अकरा. मग वही मागितली. हौसानं पाठीखालून काढून दिली. गरम झाली होती ती. मास्तरांनी खाटेच्या कडेवर वही ठेवून स्वतःची लाल ओळ स्वतःच खोडली आणि खाली लिहिलं, "प्रत्यक्ष पाहिले. नोंद बरोबर आहे." सही केली.

आनंदानं सुटकेचा निःश्वास टाकला. तेवढ्यात मास्तर म्हणाले, "पण आनंदा, तुम्ही तर सुट्टीभर कापणीला होता. एकेचाळीस वेळा तुम्ही हे पाहिलंत कधी?"

"आमी दोघांनी मिळून बगितलं," हौसा चटकन म्हणाली.

"नाय," आनंदा म्हणाला. त्याचे कान लाल झाले. "वयनीनं बगितलं. मी नुसतं लिवलं."

मास्तरांनी वही मिटली. "नोंद खरी आहे, पण तुमची नाही. तुम्हाला अजून पंधरा दिवस देतो. दुसरं काहीतरी घ्या, आणि स्वतः बघा. हा कोळी ह्या बाईंचा." पाचची गाडी चुकू नये म्हणून ते धोतर वर धरून भराभर निघून गेले. वाटेत वळून हौसाला म्हणाले, "पुढच्या वर्षी वर्गात मी हे असंच शिकवणार आहे."

त्या रागानं आनंदा दोन दिवस हौसाशी बोलला नाही. मग संध्याकाळी मिरच्यांचा ठेचा वाढून घेताना म्हणाला, "मुंगळे घेतो." हौसा म्हणाली, "घे." एवढंच झालं.

कोळीण त्यानंतर दोन-तीन दिवस होती. मग तिनं नवं जाळं विणणं सोडलं. एका सकाळी जुन्याची लक्तरं लोंबत होती आणि ती नव्हती. दुधीच्या एका पानाखाली मात्र तिनं करून ठेवलेली भुरकट पिशवी होती, अंड्यांची. भामा वेल काढायला निघाली होती, हौसानं तेवढा भाग राहू दे म्हणून सांगितलं. जाळं गेल्यावर पडवी तिला असह्य झाली. दिवस मोजायला काही नव्हतं आणि बघायला काही नव्हतं. गोमा येईपर्यंतचे पाच दिवस तिनं भामाचं डोकं खाऊन काढले.

गोमानं सुंभ कापलं, कामट्या काढल्या. पाय बारीक झालेला, कातडी सुटलेली. गोमानं दोन्ही टाचा जुळवून बघितल्या. "एक बोट कमी बसलंय," तो म्हणाला. "माजं चुकलं म्हन, नाय तर तुजं. तू लय हलत व्हतीस."

"मी हललेच नाय," हौसा म्हणाली. "इचार भामाला."

"पयले आठ दिस सोडून," भामा दारातून म्हणाली.

हौसा काठी घेऊन उभी राहिली. पाय जमिनीला टेकवला तेव्हा कळ डोक्यात गेली आणि डोळ्यांत पाणी आलं. काशीराम हात पुढे करून उभा होता. ती त्याच्या हाताला धरून एक पाऊल चालली, मग हात सोडून दुसरं. खांदा एका बाजूला पडत होता. ते तिला समजत होतं आणि काशीरामलाही दिसत होतं.

"भाताची झोडनी किती ऱ्हायली?" तिनं विचारलं.

"अर्धी."

ती अंगणात उतरली. गोठ्याच्या भिंतीशी आनंदा उकिडवा बसला होता, मांडीवर वही, समोर मुंगळ्यांची रांग. खूप वेळ बसलेला असावा, पायांना मुंग्या आल्या होत्या म्हणून तो एका पायावरून दुसऱ्या पायावर रेलत होता.

"वयनी, हे बग ना," तो म्हणाला. "मघापासनं सगळे इथंच थांबलेत. आता काय करतील गो?"

"मना काय इचारतंस? बग," हौसा म्हणाली, आणि काठी मातीत रोवत खळ्याकडे निघाली.